खाशाबा जाधव

खाशाबा दादासाहेब जाधव (जन्म : १५ जानेवारी १९२६, गोळेश्वर, ता. कराड, जि. सातारा, मृत्यू : १४ ऑगस्ट १९८४) हे भारतीय कुस्तीगीर होते. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये मुक्त कुस्तीच्या ५७ किलो वजनी गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. यानंतर दुसरे वैयक्तिक पदक भारताला १९९६ मध्ये, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी, लिएंडर पेस यांच्या रूपाने टेनिसमध्ये मिळाले. ठेंगणा बांधा आणि विजेसारखी चपळाई यांमुळे खाशाबा 'पॉकेट डायनॅमो' या नावाने ओळखले जात.

बालपण आणि परिसर

गोळेश्वर हे कराड शहराला लागून असलेले गाव. कृष्णा आणि कोयना यांचा संगम येथून जवळच आहे. खाशाबांच्या जन्माच्या वेळी सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच मोठा होता. कृष्णाकाठचा वाळवा, तासगाव, खानापूर हा मुलूख त्यातच मोडत असे. १९४९ मध्ये त्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली असे ठेवण्यात आले. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव तालीम असणे, जत्रेच्या शेवटच्या दिवशी फड भरणे आणि नारळापासून मोठ्या इनामापर्यंतच्या कुस्त्या लागणे ही एकच अखंड परंपरा आहे. पुढे हिंदकेसरी झालेले मारुती माने हे सांगलीजवळच्या कवठेपिरानचे. खाशाबा याच मातीतले होते.

वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पाचव्या वर्षीच वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरवले आणि आठव्या वर्षी त्यांनी परिसरातील एका नामांकित मल्लाला दोन मिनिटांत चीत केल्याचे सांगितले जाते. कुस्तीबरोबर पोहणे, धावणे, मल्लखांब यांचाही सराव होता. १९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. यशवंतराव चव्हाण हेही याच शाळेचे विद्यार्थी. १९४२ च्या आंदोलनाने आणि त्यानंतरच्या पत्री सरकारच्या काळाने सातारा जिल्हा ढवळून निघाला होता. जाधव कुटुंबाने भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा दिल्याचे चरित्रलेखक नमूद करतात.

कोल्हापूर आणि लंडन

शालेय शिक्षण संपल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. शाहू महाराजांच्या राजाश्रयामुळे कोल्हापूर हे तोवर कुस्तीचे माहेरघर बनले होते. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत त्यांची किरकोळ अंगलट पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घेण्यास नकार दिला होता. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा थोराड प्रतिस्पर्ध्यांना पाठोपाठ पाडले. त्यांच्या पुढील कारकिर्दीत या प्रसंगाची दोन वेळा पुनरावृत्ती झालेली दिसते : आधी नकार, मग आखाड्यातले उत्तर.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीवर वाढलेल्या खाशाबांना मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची सवय नव्हती. मातीच्या कुस्तीत वेळेचे बंधन सैल असते आणि पाठ टेकली की निकाल लागतो. मॅटवर घड्याळ चालू असते, पकडींना गुण असतात आणि दोन्ही खांदे टेकवून धरावे लागतात. लंडनमध्ये रीस गार्डनर यांनी त्यांना या नव्या पद्धतीचे शिक्षण दिले. ५२ किलो गटात त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिस आणि अमेरिकेच्या बिली जर्निगन यांना हरवले; इराणच्या मन्सूर रईसी यांच्याकडून मात्र त्यांचा पराभव झाला. या स्पर्धेत त्यांना सहावे स्थान मिळाले. 

शैली आणि तिचे गतिशास्त्र

खाशाबांचा हुकमी डाव ढाक हा होता. ढाकेत प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून, आपली कंबर त्याच्या पुढ्यात वळवून त्याला आपल्या अंगावरून पलीकडे टाकले जाते. हा डाव ताकदीचा वाटतो, परंतु त्यात ताकदीपेक्षा वेळेचा हिशेब अधिक असतो. खाशाबांसारखा लहान चणीचा मल्ल यशस्वी का होत असे, हे समजण्यासाठी शाळेतल्या भौतिकशास्त्रातील दोन संज्ञा पुरेशा आहेत.

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. ५७ किलोचा मल्ल सेकंदाला २ मीटर वेगाने अंगावर आला, तर त्याचा संवेग ११४ एकक असतो. हा संवेग बदलायचा तर बल लावावे लागते, आणि ते काही काळ लावावे लागते. बल आणि काल यांच्या गुणाकाराला आवेग म्हणतात. जितका आवेग द्यावा तितकाच संवेगात बदल होतो. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचेच हे दुसरे रूप. यातून मल्लाच्या उपयोगाच्या दोन गोष्टी निघतात. एक, थोडे बल अधिक काळ लावले तर मोठ्या बलाच्या क्षणिक धक्क्याइतकाच परिणाम साधतो. मानेभोवतीची घट्ट पकड नेमके हेच करते. डाव सुरू झाल्यापासून अंग मातीला लागेपर्यंत ओढ तुटत नाही. दोन, अंगावर येणाऱ्याला थोपवण्यासाठी त्याचा सगळा संवेग नाहीसा करावा लागतो, तर त्याला बाजूला वळवून पुढे जाऊ देण्यासाठी त्यामानाने थोडासाच आवेग पुरतो. ढाकेत प्रतिस्पर्ध्याची पुढे येण्याची गती थांबवली जात नाही, ती कमरेभोवती वळवली जाते. शिवाय ओढ मानेवर आणि टेकू कमरेवर, म्हणजे मधले अंतर मोठे, त्यामुळे लांब दांड्याच्या पहारीप्रमाणे थोड्या बलात मोठे वळण मिळते. हे सर्व घडण्यासाठी पाय मात्र रुतलेले असावे लागतात, कारण अखेरीस आधार जमिनीचाच असतो. पाय सुटले तर दोघेही पडतात, आणि वर कोण राहील याचा भरवसा उरत नाही.

पडण्याचेही शास्त्र आहे. अर्धा मीटर उंचीवरून खाली येणारे शरीर जमिनीला टेकताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३ मीटर असतो. ५७ किलोच्या शरीराचा संवेग तेव्हा १७१ एकक होतो. हे शरीर सेकंदाच्या विसाव्या भागात थांबले, तर त्यावर सरासरी ३,४२० न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या सहापट बल येते. तेच थांबायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर बल ८५५ न्यूटनांवर, म्हणजे दीडपटीवर उतरते. तालमीतला हौद कुदळीने उकरून, ढेकळे फोडून, त्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून माती लोण्यासारखी मऊ ठेवण्याची जी रीत आहे, तिचा एक उपयोग हाच आहे. पडणाऱ्या अंगाला ती थांबण्यासाठी वेळ देते. मॅटमधील भरावही तेच काम करतो. नवख्या मल्लाला वस्ताद पहिल्यांदा पाडायला न शिकवता पडायला शिकवतो. अंग गोल करून, भार खांद्यापासून कमरेपर्यंत पसरवत लोळत जाणे म्हणजेच थांबण्याचा काळ वाढवणे होय.

कुस्तीत वजनी गट का ठेवतात, याचे उत्तरही संवेगातच आहे. समान वेगाने समोरासमोर भिडलेल्या समान वजनाच्या दोघांचा संवेग एकमेकांना खोडतो आणि निकाल कौशल्यावर येतो. वजनात मोठी तफावत असेल तर हलक्याला मागे रेटले जाणे चुकत नाही. हेलसिंकीत ५२ किलोपासून ८७ किलोच्या पुढपर्यंत आठ गट होते. गावच्या फडात मात्र जोड नजरेने लावली जाते, तराजू नसतो. खाशाबांनी आपल्याहून वजनदार मल्लांशी कुस्त्या केल्या त्या अशाच फडांत, आणि अंगावर येणारा भार वळवून लावण्याची त्यांची हातोटी तेथेच तयार झाली असावी.

१९५२ ची निवड

लंडननंतर खाशाबांनी चार वर्षे सरावाला वाहून घेतले. या काळात ते ५७ किलो गटात गेले. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना एका गुणाने पराभूत ठरवण्यात आले. गुणदानात पक्षपात झाल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकून संघातील स्थान मिळवले.

पुढचा प्रश्न पैशांचा होता. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गोळेश्वर आणि आसपासच्या गावांतून वर्गणी गोळा झाली. कोणी रोख दिली, कोणी धान्य दिले. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर मराठा बँकेकडे गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळी सात हजार रुपये ही शिक्षकी पेशातील माणसासाठी फार मोठी रक्कम होती. पदक मिळेल याची कोणतीही हमी नव्हती, आणि मल्ल रिकाम्या हाताने परतला असता तर घर सोडवण्याचा मार्गही सोपा नव्हता. या पदकाच्या इतिहासात प्राचार्यांच्या या निर्णयाला पदकाइतकेच महत्त्व द्यावे लागेल.

हेलसिंकी

मुक्त कुस्तीच्या लढती जुलै १९५२ मध्ये झाल्या. एक लढत पंधरा मिनिटांची असे. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विन यांना लढतीच्या अखेरच्या मिनिटात चीत केले. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तो यांना त्यांनी पाच मिनिटे वीस सेकंदांत पाडले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर त्यांनी गुणांनी मात केली.

त्यानंतर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. इशी हे मुळात जुडोचे खेळाडू होते आणि महायुद्धानंतर कुस्तीकडे वळले होते. प्रतिस्पर्ध्याची गती त्याच्यावरच उलटवणे हा जुडोचा पाया असल्याने येथे खाशाबांना आपल्याच शैलीचा प्रतिस्पर्धी भेटला, असे म्हणता येईल. पूर्ण वेळ चाललेली ही लढत इशी यांनी गुणांवर जिंकली. पुढे सुवर्णपदकही त्यांनीच मिळवले, आणि महायुद्धोत्तर जपानचे ते पहिले ऑलिंपिक सुवर्ण ठरले.

दमछाक करणाऱ्या या लढतीनंतर लगेचच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो दाखवून देण्यासाठी तेथे एकही भारतीय पदाधिकारी उपस्थित नव्हता. थकलेल्या खाशाबांना ही लढत गमवावी लागली. मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. ती तारीख होती २३ जुलै १९५२. विश्रांती मिळाली असती तर निकाल काय लागला असता, याची चर्चा सातारा-सांगलीच्या तालमींतून अनेक वर्षे होत राहिली. निकालाबद्दल तर्क करण्यात अर्थ नाही. नियम पाळला गेला नाही आणि तो पाळायला लावण्यासाठी कोणी नव्हते, एवढे मात्र स्पष्ट आहे. याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे यांचे पदक थोडक्यात हुकले.

या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. देशाचे लक्ष साहजिकच तिकडे होते. एकट्या खेळाडूने पदक मिळवण्याची घटना त्यापूर्वी केवळ १९०० मध्ये, पारतंत्र्याच्या काळात, नॉर्मन प्रिचर्ड यांच्या नावावर होती.

परतल्यावर

कराड रेल्वे स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत खाशाबांची मिरवणूक निघाली. शंभराहून अधिक सजवलेल्या बैलगाड्या, ढोल-लेझीम, फटाके आणि वाटेवरच्या गावांतून लोटलेली माणसे यांमुळे एरवी थोड्या वेळात संपणाऱ्या वाटेला सुमारे सात तास लागले. यानंतर खाशाबांनी सर्वांत आधी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, ते स्वतः त्यांत लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे गहाण घर सोडवून दिले.

पोलीस सेवा

पदकानंतर तीन वर्षांनी, १९५५ मध्ये, त्यांची पोलीस उपनिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. पोलीस दलांतर्गत स्पर्धांत त्यांनी अनेक विजय मिळवले आणि क्रीडाप्रशिक्षक म्हणूनही काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांना जाता आले नाही. सुमारे सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर ते साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ मध्ये दिल्लीत झालेल्या आशियाई स्पर्धांच्या ज्योतयात्रेत त्यांना सहभागी करून घेण्यात आले होते. क्रीडाक्षेत्राने त्यांच्या हयातीत केलेला मोठा गौरव असा हा एकच म्हणावा लागतो.

मृत्यू

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात खाशाबांचे निधन झाले. त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

हजारो वेळा मातीवर आणि मॅटवर पडून सहीसलामत उठलेल्या शरीराला रस्त्यावरच्या टक्करीत त्या सरावाचा उपयोग होत नाही. कारण वरच्याच हिशेबात आहे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. आखाड्यातल्या पडण्याच्या ३ मीटर वेगाशी तुलना केली, तर त्याच शरीराचा संवेग साडेचारपटीहून अधिक आणि गतिज ऊर्जा एकवीसपटीहून अधिक होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. थांबण्याचा काळ विसावा भाग सेकंदच धरला, तर सरासरी बल जवळजवळ सोळा हजार न्यूटनांवर जाते. अंग गोल करून लोळण्याइतका अवधी अशा वेळी मिळत नाही. मोटारीच्या पुढील भागाची चुरगळण्यासाठीच केलेली रचना, आसनपट्टा आणि शिरस्त्राणाच्या आतील दाबला जाणारा थर ही सर्व साधने थांबण्याचा काळ काही शतांश सेकंदांनी वाढवतात. हौदातली मऊ माती जे करते तेच ती करतात. दुचाकीस्वाराच्या पुढे चुरगळणारा भाग नसतो. त्याच्याजवळ शिरस्त्राण तेवढे असते.

दोन वाहनांच्या टक्करीत दोघांवर येणारा आवेग सारखाच असतो, परिणाम मात्र सारखा नसतो. स्वारासह २०० किलोची दुचाकी आणि १० टनांचा मालट्रक यांची टक्कर झाली, तर दुचाकीच्या वेगात होणारा बदल ट्रकच्या वेगातील बदलाच्या पन्नासपट असतो. ट्रकचालकाला जेमतेम हिसका जाणवतो आणि तेवढ्याच वेळात दुचाकीस्वाराची सगळी गती उलटलेली असते. कुस्तीत वजनी गट असतात, तसे रस्त्यावर नसतात.

सन्मान आणि स्मृती

महाराष्ट्र शासनाचा शिवछत्रपती पुरस्कार त्यांना १९९२-९३ साठी आणि भारत सरकारचा अर्जुन पुरस्कार २००० सालासाठी मिळाला. दोन्ही पुरस्कार मरणोत्तर होते. पेस यांच्या १९९६ च्या पदकानंतर वृत्तपत्रांनी जुने वृत्तांत चाळले, तेव्हा महाराष्ट्राबाहेरील अनेक वाचकांना खाशाबांचे नाव पहिल्यांदा कळले. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात उभारलेल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या सत्त्याण्णवाव्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला.

पद्म पुरस्कार त्यांना हयातीत मिळाला नाही. तो मरणोत्तर द्यावा अशी मागणी कुटुंबीय आणि सातारा, सांगली, कोल्हापूर भागातील कुस्तीप्रेमी अनेक वर्षे करीत आले आहेत. गोळेश्वरमध्ये जाधवांचे घर 'ऑलिंपिक निवास' या नावाने ओळखले जाते.